खांद्यावर हात

छायाला वाटलं होतं, मध्ये काच असेल.

रोज सांजेच्या मालिकेत तिने ती पाहिली होती. काळी काच, पलीकडे ओळीने उभे संशयित, अलीकडे अंधारात साक्षीदार बाई. बाई बोट दाखवते, संगीत घुमतं आणि कुणी दाखवलं हे चोराला कळतसुद्धा नाही. त्या काचेच्या भरवशावरच छाया बोलून बसली होती.

गोडादऱ्याच्या त्यांच्या गल्लीत भर दुपारी मोटरसायकलवरच्या एकाने समोरच्या इंदुबाईची पोत ओढली. म्हातारी ओट्यावरून पडली, खुबा मोडला. त्याचं तोंड फक्त छायाने पाहिलं. गुजराती पोलीस जमादार चौकशीला आला तेव्हा सगळ्या गल्लीने दारं लोटली, आणि ही म्हणाली, “मी ओळखीन.”

कापडाच्या लूमवरून आलेल्या हिलालने, तिच्या नवऱ्याने, आधी कपाळावर हात मारून घेतला. मग स्वतःच समजूत काढली, “भ्यावानं काय शे त्यामा? तू तं काचना मांगे ऱ्हाशी. तो तुले देखाव नही.”

संशयित सापडला, आणि आज ओळखपरेडीला आल्यावर मामलतदार कचेरीच्या व्हरांड्यात तिने जमादाराला विचारलं, “काच कुठंय?”

तो हसला. “काच टीव्हीमां होय, बेन. अहीं तो बाकडां छे.”

ओळखलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा, एवढंच. पोलिसांनी आत जायचं नाही, हिलालनेही नाही.

“म्हणजे तो मला बघणार?”

“आंख तो एनेय छे ने!”

तिने हिलालकडे पाहिलं. “घरी जाऊ या.”

“चाल मंग,” तो म्हणाला. पण दोघंही हलली नाहीत. रोज सकाळी खाटेवरून इंदुबाई विचारायची, “तूच देखं व्हतं ना, बाई? दुसरं कोनी नही ना?” ते दोघांच्याही कानात होतं.

आत मामलतदार साहेब बसले होते. तिचा चेहरा पाहून ते मऊ आवाजात म्हणाले, “तोंड झाकायचं तर झाका, बेन.” तिने पदर डोळ्यांखालपर्यंत ओढून घट्ट धरला. पदराचीच काच केली.

बाकड्यांवर सारख्याच अंगलटीचे आठ जण. चोराच्या भुवईवर व्रण होता, म्हणून आठांच्याही भुवईवर पांढरी पट्टी चिकटवली होती. एकटा तेवढा चोर. बाकीचे बाहेरच्या टपरीवरून, झेरॉक्सच्या दुकानातून बोलावून बसवलेले. एकाच्या पट्टीखालून घाम ओघळत होता. मालिकेतला चोर बघताक्षणी कळतो. इथे आठही जण चोरासारखे भेदरले होते. ती ज्याच्यापुढून जाई, तो श्वास धरी.

पाचव्यापाशी ती थांबली. हाच तो. त्या दुपारी वाटला त्याहून कोवळा. ओठावर नीट मिसरूडही नव्हतं.

तिने उजवा हात उचलला. त्याची नजर पदरावर नव्हती. ती तिच्या मनगटावर होती.

हिरवी अक्षरं. छाया.

लहानपणी जत्रेत आईने गोंदवून घेतलं होतं. सुई टोचली की छाया रडायची, आणि आई तिला मांडीत दाबून गुणगुणायची:

हिरवी गोंदली अक्षरं, बाई लेकीच्या हातात
वाट चुकली तर तिला, कुणी आणील दारात

तोंड झाकलं होतं. नाव उघडंच राहिलं होतं.

त्याचे ओठ किंचित हलले. वाचलं त्याने. गल्ली त्याला माहीत होतीच. आता दार कळलं.

“हात ठेवा, बेन,” मागून साहेबांचा आवाज.

हात मागे घ्यावा? घेतला तरी वाचलेलं थोडंच पुसलं जाणार होतं. तो मोकळा सुटेल, नाव घेऊन सुटेल. आणि इंदुबाई उद्या सकाळी पुन्हा विचारेल.

तिने हात ठेवला. सदऱ्याखाली नुसतं हाड होतं, तापलेलं, आणि ते थरथरत होतं. चोर थरथरतो हे तिला कुणी कधी दाखवलं नव्हतं.

“हाच,” ती म्हणाली.

बाहेर आली तेव्हा पदर खांद्यावर घसरला होता. तिने तो वर घेतला नाही.

“व्हयनं का सगळं?” हिलालने विचारलं.

“कोर्टात परत ओळखायचाय. समोरासमोर.”

“कधी?”

“तारीख आवशे,” जमादार म्हणाला.

“आन तोवर?”

“त्यां सुधी घेर बेसीने टीव्ही जुओ!” जमादार हसत हसत जीपकडे गेला.

घरी येताच छायाने कडी घातली. मग खिडकी लावली. दिवेलागणीला शेजारच्या घरात मालिकेचं संगीत सुरू झालं, तेवढ्यात समोरून इंदुबाईने खाटेवरूनच हाक घातली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

“छाया, वं छाया! वळखं का त्याले?”

छायाने पाठ दाराला टेकवली. आपलं नाव आज पहिल्यांदाच तिला इतकं मोठं वाटलं. गल्लीतून एक मोटरसायकल गेली. आवाज विरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

“छाया! सांग ना, माय!”

तिने खिडकी वितभर उघडली, गजांतून हात बाहेर काढला आणि म्हाताऱ्या डोळ्यांना दिसावा म्हणून उंच धरून हलवला.

उजवाच.