मागितलेली फांदी रुजत नाही

मरायच्या आदल्या दिवशी, रविवारी, रोवेनाची आई चर्चमधून परतली ती छत्री मिटूनच. बाहेर ऊन रणरणत होतं. पण मनिलापासून दोन तासांवरच्या सान पाब्लोच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की आलिंग चोलेंग, म्हणजे ही चोलेंगबाई, भर उन्हात मिटलेली छत्री घेऊन चालली असली, तर छत्रीच्या पोटात कुणाच्या तरी बागेचा तुकडा असतो.

"आज कोणाची?" रोवेनाने संगणकावरून मान न उचलता विचारलं. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणं हा तिचा धंदा, आणि रविवारीही तिला कुठे ना कुठे चूक सापडतच असे.

"फादरच्या अंगणातली."

"इनाय! अगं आई, आत्ता कम्युनियन घेऊन आलीस ना?"

"म्हणून तर. आत्मा धुऊन आणला की एखादा डाग परवडतो."

"मागितली असतीस तर दिली असती त्यांनी."

"मागितलेली फांदी रुजत नाही. घर भरून पुस्तकं आणलीस, एकातही हे लिहिलेलं नाही?" आईने फांद्या पाण्यात ठेवल्या आणि ओले हात रोवेनाच्या खुर्चीच्या पाठीला पुसले. "तू मला ते ब्लॉग का काय म्हणतात, ते काढून दे. मी सांगते, तू लिही."

"विषय काय? चोऱ्या?"

"बागकाम. चोरी हा पहिला धडा." मग तिने कात्री उचलली. "उठ, ये. होयाची वेल कुठे कापायची आणि कुठे नाही, ते दाखवते. एकदा बघून ठेव."

"नंतर," रोवेना म्हणाली.

हे 'उठ, ये' रोवेना लहानपणापासून ऐकत आली होती, आणि 'नंतर'ही तेव्हापासूनचंच होतं. आईने खांदे उडवले आणि एकटीच अंगणात गेली.

सोमवारी सकाळी बाजारात कोळिणीला "हा मासा तुझ्या नवऱ्याइतकाच शिळा आहे" असं ऐकवून आई हसत हसत खाली बसली, ती उठली नाही. कोळीण पुढे सगळ्यांना सांगत होती की तिला उत्तर सुचलं होतं, पण द्यायला माणूसच राहिलं नाही.

प्रेतापाशी जागायला आलेल्यांचे आभार मानायचे नाहीत, त्यांना दारापर्यंत सोडायला जायचं नाही, असा रिवाज. रोवेनाला तो बरा वाटला. काहीच बोलायचं नव्हतं, ती कॉफी आणि बिस्किटं फिरवत राहिली. कोपऱ्यात पत्त्यांचा डाव रंगला होता. ती रडली नाही. लोक म्हणाले, शिकलेली आहे.

मग सगळे गेले आणि बाग उरली.

तेलाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, एक फुटकं हेल्मेट, निवडुंगाच्या टोकाटोकांवर खोवलेली अंड्यांची टरफलं, आणि या साऱ्याच्या मधोमध आजोबांच्या इनॅमलच्या शूच्या भांड्यात होया. जाड पानांची वेल, आणि तिला मेणाच्या चांदण्यांसारखे फुलांचे झुबके. आईचा जीव या वेलीत होता. आणि मेलेल्या माणसाचा आत्मा चाळीस दिवस घरातच असतो, असं गल्लीत सगळेच मानत. रोवेना मानत नव्हती. पण वेलीला पाणी घालताना ती मागे वळून बघायला लागली, आणि पाणी जरा जास्तच घालायला लागली. न जाणो, आई बघत असली तर!

एवढं मात्र तिने ठरवून टाकलं: चाळिसाव्या दिवशी आई घर सोडून जाईपर्यंत होया जगली पाहिजे. आणि तो ब्लॉगही निघाला पाहिजे.

ब्लॉगला तिने नाव दिलं 'नवशिकीची बाग'. पहिल्या नोंदीत शूच्या भांड्यासकट होयाचा फोटो टाकला आणि खाली वळणदार भाषेत लिहिलं, की बाग ही संपादनासारखीच असते. जे अनावश्यक ते कापावं. म्हणून तिने गळून गेलेल्या फुलांचे सगळे वाळके देठ छाटून वेल नीटनेटकी केली होती.

तासाभरात पहिली प्रतिक्रिया आली: 'अगं गाढवे, होया त्याच देठावर पुन्हा फुलते.'

दुसरी: 'मागे डाव्या बाजूला दिसतंय ते अँथुरियम माझं आहे.'

तिसरी: 'उजव्या बाजूचं माझं.'

चौथीत कुणीतरी तिच्या वळणदार वाक्यातली स्पेलिंगची चूक दाखवली होती. ती सगळ्यात जास्त झोंबली.

पुढच्या नोंदीत रोवेनाने आईच्या वतीने सगळ्यांची माफी मागितली आणि कुणाकुणाचं काय आहे ते येऊन घेऊन जावं अशी विनंती केली. कुणीही काही न्यायला आलं नाही. उलट लोक नव्या फांद्या घेऊन आले, ओल्या फडक्यात गुंडाळून, नावं सांगून. सेक्रिस्टनच्या, म्हणजे चर्चच्या सेवकाच्या, हाती फादरनीही एक पाठवली. रोवेनाने प्रत्येकाचे आभार मानले, प्रत्येकाला फाटकापर्यंत सोडायला गेली, प्रत्येक फांदी पुस्तकात बघून लावली.

एकूण एक फांदी वाळली. होयाचं एक सुटं पान तिने मातीत खोचलं होतं, तेवढं हिरवंगार राहिलं, पण त्याला ना कोंब ना काही. जिवंत, तुकतुकीत आणि निरुद्योगी. अगदी तिच्या मनिलातल्या मामेभावासारखं. आणि एका सकाळी मूळ होयाची पानं पिवळी पडून शूच्या भांड्यात गळून पडली. तिने वेल उपसून पाहिली. मुळांचा चिखल झाला होता.

तिने ब्लॉगवर एकच ओळ लिहिली: 'होया गेली. मी बुडवून मारली.'

दुपारी शेजारची आलिंग पुरिंग दारात उभी. निवृत्त मुख्याध्यापिका, निवृत्ती फक्त कागदावर. आईची तीस वर्षांची मैत्रीण आणि तेवढ्याच वर्षांची वैरीण. ती न विचारता आत आली, शूच्या भांड्यात डोकावली आणि म्हणाली, "आजोबा असते तर त्यांनीही एवढं पाणी सोडलं नसतं."

रोवेनाला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. "मी सगळं नीट केलं, आलिंग पुरिंग. विचारून आणलं, वाचून लावलं, आभार मानले."

"तेच पाहिलं मी. आभार मानलेस! वर फाटकापर्यंत सोडायला गेलीस! अगं, ज्या फांदीला एवढा निरोप मिळाला ती राहील कशाला? तुझ्या आईने जन्मात कुणाचे आभार मानले नाहीत. बघ तिची बाग."

"म्हणजे चोरी केली असती तर रुजल्या असत्या? तुम्ही मुख्याध्यापिका होता ना?"

"शाळा वेगळी, बाग वेगळी." आलिंग पुरिंगने साडेतीन पिवळी पानं उचलून खिडकीबाहेर टाकली. "माझ्या मागच्या भिंतीवर होया आहे. पाहिलीस कधी?"

"नाही."

"कशी पाहशील. तुझ्या आईच्या होयाची पोर आहे ती. मी चोरली."

"आईला माहीत होतं?"

"मी कात्री काढली तशी ती पाणी प्यायला म्हणून आत गेली, आणि पिंपभर पाणी प्यायला लागेल इतका वेळ आतच थांबली. चोरी म्हणजे तुला काय वाटलं, एकटीचं काम असतं? चोर जेवढा हुशार तेवढाच मालक आंधळा लागतो." ती उठली. दारात थांबून, रोवेनाकडे न बघता म्हणाली, "उद्या चाळिसावा. दुपारी जेवणं उरकली की मी झोपते. मागच्या फाटकाला कडी आहे, कुलूप नाही. कुत्रा मूर्ख आहे."

रोवेनाने आभार मानायला तोंड उघडलं. मिटून घेतलं. सोडायलाही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी आईसाठी प्रार्थना झाली, भात, मांस आणि नारळाची मिठाई संपली, पाहुणे पांगले. बाहेर आभाळ स्वच्छ होतं, ऊन रणरणत होतं. रोवेनाने आईची छत्री घेतली, मिटलेली, आणि आत कात्री टाकून गल्लीत उतरली. कोपऱ्यावरचा दुकानदार तिच्या छत्रीकडे बघतच राहिला. मग त्याने सावकाश खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. तिचे कान तापले.

कडी निघाली. कुत्र्याने तिचे पाय हुंगले आणि शेपूट हलवली. अंगणात आलिंग पुरिंग वेताच्या खुर्चीत भिंतीकडे पाठ करून बसली होती आणि घोरत होती. असं घोरणं रोवेनाने फक्त शाळेच्या नाटकात ऐकलं होतं.

भिंतभर होया पसरली होती, आणि तिच्यावर वाळके देठ होते, एकही न छाटलेला. त्यातल्या एकावर नव्या कळ्या धरल्या होत्या.

तिने कात्री उघडली. या पेरापाशी की त्या? वर की खाली? तिने पुस्तकातलं चित्र आठवायचा प्रयत्न केला. चित्र आठवलं, मजकूर आठवला, पान क्रमांकही आठवला. हात मात्र हलेना. आईने काय केलं असतं, ते डोळ्यांपुढे येईना, कारण आई कापत असताना तिने कधी बघितलंच नव्हतं. ती नेहमी दुसऱ्या खोलीत असायची.

आज चाळिसावा. संध्याकाळपर्यंत आई निघून जाणार, असं गल्ली म्हणत होती. रोवेना मानत नव्हती. तरी तिने मागे वळून पाहिलं. मागे फक्त कुत्रा होता.

घोरणं मध्येच थांबलं. "कोणी आहे का?" आलिंग पुरिंग भिंतीकडे पाठ तशीच ठेवून, झोपेतल्यासारखं म्हणाली.

"कोणी नाही," रोवेना म्हणाली.

घोरणं पुन्हा सुरू झालं, या वेळी जरा हळू.

रोवेनाने दुसऱ्या हाताने वेल धरली. गल्लीला ऐकू गेलं तर जावो, अशा आवाजात ती म्हणाली, "इनाय, मला यातलं काहीच येत नाही गं. उठले मी, आले. दाखव ना."