बोंडल्यातलं बाळसं

मी एक जुनं चांदीचं बोंडलं आहे. मित्रांनो, आमच्या चोचीतून पूर्वी तान्ह्या बाळांना दूध नि औषध पाजत. पुण्याच्या सोनारानं मला घडवलं आणि प्रतिभाच्या बारशाला आजोळची भेट म्हणून मी कलकत्त्याला आलो. स्वातंत्र्याला तेव्हा पाचसहा वर्षं झाली होती.

प्रतिभाचे वडील रघुनाथराव खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होते. घरात तिची आई शकुन आणि रघुनाथरावांची थोरली विधवा बहीण अक्का. सगळे मला लखलखीत ठेवत, आणि मीही भाव खाई.

एकदा मराठी बायकांच्या हळदीकुंकवात कुणी म्हणालं, "अगंबाई, पोरीनं बाळसंच नाही धरलं!" ते शकुनच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून ती सकाळी कॅल्शियमचं टॉनिक पाजू लागली, वर थोडं जास्तच. दुपारी शकुनचा डोळा लागला की अक्का चुन्याची निवळी पाजत. भावजयीला जुन्या औषधांचा तिटकारा, म्हणून गुपचूप. संध्याकाळी रघुनाथराव कोटाच्या खिशातून माशाच्या तेलाची बाटली काढत. सोवळ्यातल्या बहिणीला वास येऊ नये म्हणून ते मला स्वतः राखेनं घासत. तिघांचंही ठाऊक होतं ते फक्त मला.

अति तिथे माती. प्रतिभा ओकू लागली, पाण्यासाठी वखवखू लागली, तिचं पोट साफ होईना. "अशक्तपणा आहे," म्हणत प्रत्येकानं आपापली मात्रा वाढवली. ती प्रत्येक मात्रा माझ्याच चोचीतून गेली. शेवटी पोर निपचित पडली.

बंगाली डॉक्टरांनी विचारलं, "बच्ची को क्या क्या देते हैं? सब बोलिए."

शकुननं टॉनिकचं नाव सांगितलं. अक्कांना हुंदका फुटला. "रघू, मी निवळी पाजत होते रे."

"आणि मी माशाचं तेल, अक्का," रघुनाथराव खाली बघत म्हणाले.

रक्तात कॅल्शियम फार वाढलं होतं; टॉनिकात तेच, चुन्यातही तेच, आणि माशाच्या तेलातलं ड जीवनसत्त्व ते रक्तात आणखी ओढून घेत होतं. डॉक्टरांनी तिन्ही औषधं बंद केली, दूधही कमी केलं आणि भरपूर पाणी पाजायला सांगितलं. प्रतिभा वाचली, पण तिची मूत्रपिंडं कायमची नाजूक राहिली.

"वैऱ्यानं केलं नसतं ते आपण मायेनं केलं," शकुन म्हणाली आणि तिनं मला कपाटात पार मागे लोटलं. तिचा राग मला कधीच आला नाही.

मित्रांनो, बाळाच्या तोंडी काही घालण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि घरातही मोठ्यानं विचारा. मी तर मुकं भांडं. त्या तिघांना वाचा होती.