शिवलीला नावाचा पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना पासवर्ड आहे. प्रभुलिंगला सांगून उपयोग नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. पासवर्ड मनात ठेवायचा असतो. टेम्पोवाल्याला मोबाइलवर ऑर्डरी बघता याव्यात म्हणून हा गडी भट्टीजवळून मला ओरडून सांगायचा. वर विचारायचा, "लिवून घेतलास न्हवं?"

माझा जन्म सोलापुरात, अक्कलकोट रोडला झाला. प्रभुलिंगची आई नागव्वा कडक भाकऱ्या करून विकायच्या. त्यांच्या लेकीने, शिवलीलाने, भाकरीची वेबसाइट तयार केली. नागव्वांची शाळा दुसरीतच सुटलेली. लेकीने त्यांना इंग्रजी अक्षरे शिकवली, तीही फक्त 'शिवलीला' या नावापुरती. म्हणून तेच नाव पासवर्ड झाले. तोच मी. रोज सकाळी नागव्वा एका बोटाने मला दाबत वेबसाइट उघडायच्या. पुण्याच्या ऑर्डरी बघून म्हणायच्या, "एवढं शिकल्यात, पर भाकरी थापता येईना की." तेव्हा माझीही छाती फुगायची.

पुढे शिवलीला तापाने गेली. प्रभुलिंगने बहिणीचे नाव भाकरीला दिले. पिशवीवर तेच, टेम्पोवर तेच.

वेबसाइट सांभाळणारी ऋतुजा म्हणाली, "आजी, हे नाव आता गावभर झालं. पासवर्ड बदला."

प्रभुलिंग हसला. "भाकरीच्या वेबसाइटवर कोण चोर येतोय?"

नागव्वा हसल्या नाहीत. "पोरगी गेली. सकाळी तेवढं नाव माज्या बोटाखाली येतंय. ते बी काढू व्हय?"

ऋतुजाने मला तसेच राहू दिले.

मग कुणीतरी पिशवीवरचे नाव वाचले आणि तेच दाबून पाहिले. मी काय करणार? जो दाबेल त्याला दार उघडायचे, एवढेच मला येते. चोराने नागव्वांचा पैसे घ्यायचा नंबर काढून स्वतःचा घातला. गिऱ्हाइके त्यावर पैसे पाठवत राहिली. इकडे पैसे आलेच नाहीत, म्हणून भाकरी कुणालाच पोचली नाही.

सांगोल्याहून जुन्या गिऱ्हाईक मुक्ताबाईंचा फोन आला. "नागव्वाक्का, नातीच्या बारशाला भाकरी सांगितली हुती. पंगतीत नुसती आमटी वाढली. शिवलीलाचं नाव बघून पैसं धाडलं की वो."

ऐकता ऐकता नागव्वांच्या हातावरचे पीठ वाळले.

संध्याकाळी त्यांनी ऋतुजाला बोलावले. मला शेवटचे दाबले, सावकाश, एकेक अक्षर. मग ऋतुजाकडून आणखी अक्षरे शिकून नवा पासवर्ड घातला. तो कोणता, ते मलाही सांगितले नाही. तेच बरोबर आहे. आता मला कितीही दाबा, दार उघडत नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाचे नाव काळजात ठेवा. त्याला राखणीला बसवू नका.

प्रभुलिंगने दारातून विचारले, "अव्वा, नवा काय ठेवलास? सांग की."

नागव्वांनी पदराने मोबाइलची काच पुसली.

"प्रभ्या, ती जित्ती हुती तवा दिवस बुडाल्यावर मी तिला येकटी भायेर धाडली न्हाय. गेल्यावर आपण तिला दारात हुबी केली. तू चव्हाट्यावर तिला हाका मारत ऱ्हायलास, मी ऐकत ऱ्हायले. आता तुला बी सांगणार न्हाय."