आधी पाणी सोडून बघा

मित्रांनो, मी एक जुनी नदी आहे. पण माझ्यात ना मासा, ना होडी. संशोधन केंद्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी सिमेंटची पसरलेली आहे. गावातल्या खऱ्या नदीची मी लहान प्रतिकृती. तिची वळणं, तिचा पूल, उजव्या काठावरचा बाजार, डाव्या काठावरची कामगारांची वस्ती, सगळं माझ्यात मापाबरहुकूम आहे. घरं लाकडी ठोकळ्यांची. वरच्या टोकाचा पंप सुरू केला की मला पूर येतो.

मला घडवणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंना सगळे पाणीबाई म्हणत. "अर्धं बोट चुकलं तर तिकडे अख्खी गल्ली बुडेल," असं म्हणून त्यांनी माझं एक वळण गवंड्यांकडून पुन्हा फोडून घेतलं होतं. तेव्हा मला त्यांचा भारी राग आला.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. शाळांच्या सहली आल्या, पाहुणे फोटो काढून गेले. मग सरकारने बाजाराच्या काठाने उंच भिंत बांधायचं जाहीर केलं. पाणीबाईंनी माझ्या काठावर पत्र्याची भिंत रोवली आणि पूर सोडला. बाजार कोरडा ठणठणीत राहिला. समोरची वस्ती छपरापर्यंत बुडाली. बाईंनी तसा अहवाल पाठवला.

खात्याचे सचिव धावत आले.

"बाई, जरा सौम्य लिहा की. 'काही प्रमाणात परिणाम संभवतो', एवढंच."

"छपरापर्यंत पाणी म्हणजे काही प्रमाण?"

"अहो, घोषणा झालीय. दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा?"

"शब्द तुम्ही दिलात, साहेब. पाण्याने कुठे दिलाय?"

बाईंनी तोच अहवाल आणखी दोनदा पाठवला. त्याची शिक्षा झाली. शेडची वीज तोडली. माझ्या पात्रात मोडक्या खुर्च्या रचल्या; पुलाखाली मांजर व्याली. मी कोरडी पडले, पण वाकले नाही.

शेवटी मला फोडून तिथे सरकारी गाड्या ठेवायचं ठरलं. जागा बघायला मंत्री आले, सोबत सचिव. पाणीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"फोडा खुशाल. आधी एकदा पाणी सोडून बघा."

पात्रातल्या खुर्च्या काढून आणि शेजारच्या प्रयोगशाळेतून वायर ओढून त्यांनी पंप तयारच ठेवला होता; पत्र्याची भिंत अजून जागेवरच होती. मंत्री वस्तीच्या काठावर, ठोकळ्यांमध्ये उभे राहिले. पाणी चढलं. घरं सुटून तरंगू लागली आणि मंत्र्यांचे बूट भरले.

"पंप जास्त सोडलाय यांनी!" सचिव ओरडले.

"मग साहेबांनीच सोडावा," बाई म्हणाल्या.

मंत्र्यांनी बाह्या सरसावल्या. स्वतःच्या हाताने पंपाचं चाक फिरवलं. वस्ती बुडाली. चाक जरा आवळलं, तरी बुडाली.

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तीनदा सांगितलं, कागदावर. कागदावरच्या पुरात बूट भिजत नाहीत ना!"

मंत्री ओशाळले. "मग करू काय? तुम्हीच सांगा."

"ठरवायचं काम तुमचं. काय बांधलं तर कोण बुडेल, ते दाखवायचं काम आमचं. फक्त ठरवण्याआधी दाखवू द्या."

मग शेडमध्ये रोज भांडणं. व्यापारी आले, वस्तीतल्या मावश्या आल्या, सचिवही आले. या खेपेला गमबूट घालून. अखेर भिंत काठापासून मागे घ्यायचं आणि बाजाराचं मैदान पुरासाठी मोकळं सोडायचं ठरलं. नियमही झाला: नदीकाठी काहीही बांधायचं तर आधी चाचणी, तीही दोन्ही काठांच्या माणसांसमोर.

पुढे खरोखरच मोठा पूर आला. वस्तीत गुडघाभर पाणी शिरलंच, पण माणसं वाचली. बाजारात माल भिजला आणि व्यापाऱ्यांनी पाणीबाईंच्या नावाने बोटं मोडली.

"मोडू द्या," बाई म्हणाल्या. "बोटं मोडायला सगळे शिल्लक आहेत ना!"

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. केंद्रात पुराचं गणित मांडणारा नवा संगणक आलाय आणि "हिची आता काय गरज?" अशी कुजबुज पुन्हा सुरू झाली आहे. संगणकाशी माझं वैर नाही. तो हुशार आहे. मला फोडायचं तर फोडा, मी गयावया करणार नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी त्या मोठ्या खुर्चीत बसेल. तेव्हा जाणत्या माणसाला विचारायला पाया खणण्याआधी जा. उत्तर आवडलं नाही तर शंका काढा, पुन्हा विचारा, कडाकडा भांडा. फक्त ठरलेलं उत्तर आधीच खिशात घालून जाऊ नका. पाणी हुकूम वाचत नाही. ते उताराने जातं, आणि त्या उतारावर कुणीतरी राहत असतं.