देस्पिनाचं घर काढताना

बेटावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी चर्चच्या भिंतीलगतचं अंजिराचं झाड काढलं, आणि झाड तिथून गेलं. खड्डा पडला नाही, फांदी मोडल्याचा आवाज झाला नाही. शेवटचं पान काढून ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली तेव्हा भिंतीपाशी सपाट माती होती, आणि मघाशी जिथे सावली होती तिथे ऊन पडलं होतं.

हेलेनबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. शिबिर त्यांचंच. सत्तरीच्या इंग्रज बाई, गळ्यात लाकडी मणी, पाय अनवाणी. त्यांनी कागद उचलून उजेडात धरला.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना इथवर यायला गुरुवार उजाडतो."

"झाड गेलं," मी म्हटलं.

"हो. त्यांनी ते पूर्ण पाहिलं ना."

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून केतकीने, आमच्या मुलीने, आम्हाला या ग्रीक बेटावर आठवडाभर पाठवलं होतं. ती रॉटरडॅमला असते. फोनवर म्हणाली, "आई, बाबांना घरातून बाहेर काढ. तिथे चित्रकला आहे, योगा आहे, समुद्र आहे. बघ, बोलायला लागतील." शिबिराच्या पत्रकावर लिहिलं होतं की इथे माणूस ओझं खाली ठेवायला शिकतो. सकाळी द्राक्षाच्या मांडवाखाली एक डच मुलगी योगासनं घ्यायची. तिने पहिल्याच दिवशी माझा सूर्यनमस्कार दुरुस्त केला. मग दुपारपर्यंत चित्रं, आणि जेवणाआधी गोल बसून ज्याने त्याने आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. आमच्याखेरीज आठ जण होते. चढावर वसलेलं चाळीसेक घरांचं गाव, खाली धक्का, आणि बोट फक्त शनिवारी.

मला चित्र येत नाही. मी साताऱ्याला पोस्टात नोकरी केली. हे एका धरणाच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते, चौतीस वर्षं नकाशे काढले. निवृत्त झाल्यापासून घरात बोलणं म्हणजे चहा झाला का, गॅस बंद केलास का, एवढंच. त्या दिवशी जेवताना मात्र हे माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, पानांची दाटी आली का गं बरोबर?"

"आली," मी म्हटलं.

खरंच आली होती. एका देठातून चीक ओघळत होता, तोसुद्धा कागदावर होता. ह्यांनी दोनदा भाजी वाढून घेतली, आणि हात धुताना काहीतरी गुणगुणले. मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. मी झाडाचा विषय काढला नाही.

मंगळवारी बाकीच्यांनाही थोडं थोडं जमू लागलं. एका डॅनिश गृहस्थाने आपला कप काढला आणि मग तो ओंजळीने पाणी प्यायला. इंग्रिड नावाच्या बाईने उतारावर चरणारी शेळी काढली. शेळी गेली, गळ्यातली घंटा तेवढी गवतात राहिली, कारण इंग्रिडला घंटा जमत नव्हती. शेळीचा मालक वर आला. त्याने घंटा उचलली, तिला चिकटलेलं गवत पुसलं आणि कुणाकडे न बघता घरी नेली.

मी मग स्वयंपाकघरात जाऊन बसू लागले. तिथे किरा देस्पिना रांधायची. किरा म्हणजे बाई, आदराने म्हणतात. काळा झगा, पांढरे केस, गुडघे दुखणारे. तिचं घर शिबिराच्या समोरच्या गल्लीत, निळ्या दाराचं. पाहुण्यांकडून तुटकंमुटकं इंग्रजी शिकलेली होती, माझंही तेवढंच, त्यामुळे आमचं बरं जमलं. ती मला शेंगा सोलायला द्यायची.

"मी लग्न करून आले तेव्हा इथे दोनशे घरं होती," ती म्हणाली.

"मग तुम्ही काढू का देता?"

"ते आधी विचारतात. फार गोड बोलून विचारतात. आपण म्हणतो, एक झाड काय, एक भिंत काय." तिने चुलीवरचं झाकण सारखं केलं. "बाकीचे अर्धवट काढतात. कुठे दार राहतं, कुठे चूल राहते. आम्ही त्यावर भागवतो. तुझा माणूस मागे काही ठेवत नाही. त्याला सांग."

त्याच दुपारी खोलीत हे अंघोळीला गेलेले असताना मी अंजिराच्या चित्राचा कागद बाहेर घेतला. मला वाटलं, चित्र पुसलं तर झाड परत येईल. रबराने एक फांदी पुसली आणि खिडकीतून पाहिलं. माती तशीच. मग कागदावर तांब्याभर पाणी ओतलं. रेषा विरघळून पाणी काळं झालं, कागद कोरा झाला. बाहेर भिंतीपाशी माती ओली झालेली दिसली, तेवढंच. आता झाड कुठेच नव्हतं.

हे बाहेर आले, कोरा कागद पाहिला. रागावले नाहीत.

"वाळला की कच्च्या कामाला चालेल," म्हणाले.

"अहो, किरा देस्पिना म्हणते, तिचं घर काढू नका."

"मी कुठे काढतोय? अजून ती बाजू आलीच नाही."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. माझं माहेर त्या धरणाच्या बुडितात गेलं. बुडिताची रेषा ह्यांनी काढली होती. ती आमच्या अंगणाच्या वरच्या अंगाने जाते हे ह्यांना दोन वर्षं माहीत होतं आणि मला नव्हतं. मला ते कळलं टपाल लावताना, दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जावयाला लिहिलेल्या पोस्टकार्डावरून. नंतर दादा स्वतः एसटीने कचेरीत गेले, ते त्यांनीच मला सांगितलं. टोपी हातात घेऊन ह्यांच्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, रेघ बोटभर खाली येईल का?" हे म्हणाले, "मामा, तुमची बाजू अजून यायचीय." आणि चहा मागवला. यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. बोलायचं म्हटलं की जेवायची वेळ व्हायची.

"माझ्या दादांनाही तुम्ही असंच सांगितलं होतं," मी म्हटलं.

ह्यांच्या हातात टॉवेल होता. तो त्यांनी नीट घडी करून खुर्चीवर ठेवला.

"मी फक्त काढायचो गं," हे म्हणाले.

"हो. काढायचात."

मग हे म्हणाले, "हात चालतोय, सरोजिनी. इतक्या वर्षांनी चालतोय. थांबव म्हटलं तर थांबवता येत नाही."

चाळीस वर्षांत ह्यांनी मला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी टॉवेल उचलून वाळत घालायला बाहेर गेले. ही माझी चूक.

बुधवारी ह्यांनी धक्क्याकडे उतरणारा रस्ता काढला. पायऱ्या, कठडे, कडेची थाइमची झुडपं, सगळं. दुपारनंतर गाव आणि समुद्र यांच्यामध्ये गुळगुळीत कडा उभा राहिला, त्यावर पाय ठरेना. मी हेलेनबाईंना विचारलं, "शनिवारी आम्ही बोटीपर्यंत जायचं कसं?"

"सरोजिनी," त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही सारख्या शनिवारात असता. इथे या."

गुरुवारी सगळेच घरं काढू लागले. हेलेनबाई आधी प्रत्येक घरी जाऊन दार वाजवायच्या आणि विनंती करायच्या की ज्यांना चित्रात यायचं नसेल त्यांनी कृपया बाजूला व्हावं. माणसं बाजूला व्हायची. गाद्या, भांडी, म्हाताऱ्याची खुर्ची, कोंबड्यांची टोपली घेऊन रस्त्यात उभी राहायची आणि पेन्सिलींचा आवाज ऐकायची. घर गेलं की शेजारच्या घरात जायची, ते गेलं की त्याच्या पुढच्या. मी एका बाईच्या गादीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी ती गादी त्या दिवशी पाच घरांत नेली.

संध्याकाळी गोलात प्रत्येकाने सांगितलं की हलकं वाटतंय. ह्यांची पाळी आली तेव्हा हे म्हणाले, "मला बरं वाटतंय." मग माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी न्याहारी आली नाही. देस्पिना कामावर आलीच नव्हती. आम्ही बाहेर आलो तर शिबिराची इमारत सोडता गावात तिचंच घर उरलं होतं, निळ्या दाराचं, आणि चारही बाजूंना पांढरी सपाट जमीन. उरलेलं सगळं गाव आत होतं. खिडक्यांतून माणसं दाटीने दिसत होती. छपरावरही काही जण बसले होते, कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन.

हेलेनबाईंनी नऊ फळ्या अर्धवर्तुळात मांडल्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून एकच विषय काढायचा, अशी पद्धत होती. त्या दारापाशी गेल्या आणि नेहमीसारखी विनंती केली.

देस्पिना उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "ओही."

ओही म्हणजे नाही.

"त्यांना जागा नाही का दुसरी?" इंग्रिडने विचारलं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि मग आपली पेन्सिल पाहिली. "म्हणजे, चित्रात माणसं असली तर मला आवडेलच. मला माणसं चांगली येतात."

"त्यांचा निर्णय आहे," हेलेनबाई म्हणाल्या. "आपण त्याचा आदर करू. चला, सुरू करू या."

ह्यांनी आपल्या फळीवर कागद लावला. चारी कोपरे ठोकले, हाताने सुरकुती काढली. पेन्सिल उभी धरून, एक डोळा मिटून, घराची उंची मापली. ह्यांचा चेहरा शांत होता. ही शांती मी केतकीच्या जन्मानंतर पाहिली नव्हती.

मी फळ्यांच्या मधून चालत गेले आणि देस्पिनाशेजारी उंबऱ्यावर बसले. पाय पायरीवर ठेवले. दगड सकाळच्या उन्हाने कोमट झाला होता. आतून कुणीतरी माझ्या पाठीला पाठ लावली. घरातली माणसं इतकी दाटीने उभी होती की एकदम श्वास घ्यायची तेव्हा दार हलायचं.

"तू जा," देस्पिना म्हणाली. "तुझं घर आहे."

"असू दे."

हे अजून एक डोळा मिटून मापत होते. पेन्सिल छपरावरून खाली आली, खिडकीवर आली, दारावर आली आणि थांबली. दुसरा डोळा उघडला.

"अगं, तिथे काय करतेस?" ह्यांनी हाक दिली. "बाजूला हो. चित्रात येशील."

"येऊ दे."

"वेडेपणा करू नकोस. उठ."

"रेघ बोटभर खाली घ्या," मी म्हटलं.

मध्ये वीस पावलांचं अंतर होतं. ह्यांना ऐकू गेलं, हे मला ह्यांच्या मानेवरून कळलं. पेन्सिल धरलेला हात हवेत तसाच राहिला. तो कागदाकडे जायला बघत होता, आणि ह्यांनी डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं. दोन्ही हातांनी झटापट केल्यासारखं करून ह्यांनी ती पेन्सिल मोडली. मग कागद फाडला, ज्यावर काहीच नव्हतं. फळी लाथेने पाडली. माझ्या नवऱ्याला मी आयुष्यात कधी काही पाडताना पाहिलं नव्हतं.

"थांबा!" हे ओरडले. "थांबा! आत माणसं आहेत! माझी बायको आहे तिथे! थांबवा म्हणतो ना!"

सगळं मराठीत. घाईत ह्यांना इंग्रजीतला एक शब्द सापडेना. हे एकेकाच्या फळीपुढे जाऊन हात जोडू लागले. डॅनिश गृहस्थाने हसून मान डोलावली आणि ह्यांच्या बाजूने वाकून घराकडे पाहिलं. इंग्रिड म्हणाली, "किती मोकळे झाले हे."

हेलेनबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "अच्युतना व्यक्त होऊ द्या," त्या हळूच म्हणाल्या. "आपण आपलं काम करत राहू."

आठ पेन्सिलींचा आवाज वीस पावलांवरून ऐकू येत होता, तुतीच्या पानांवर अळ्या चालल्यासारखा. हे आमच्याकडे धावत निघाले. देस्पिनाने माझा हात धरला. तिचा तळवा खरखरीत आणि ओला होता. मी खाली पाहिलं.

पायरी गेली होती. आमचे चारही पाय तसेच लोंबत होते.