ओस की ओल

गंगापूर तालुक्यातल्या सोमनाथनं शहरात नऊ वर्षं कराटे शिकवलं आणि नऊही वर्षं तो 'सहायक प्रशिक्षक'च राहिला. मुलांकडून घाम गाळून घ्यायचा सोमनाथनं, आणि पट्टे बांधायचे पुण्याहून वर्षातून एकदा येणाऱ्या परीक्षकांनी. स्वतंत्र शाखेचं मान्यतापत्र मिळालं तर पट्टे तोच बांधणार होता, पाटीवर नावही त्याचंच येणार होतं. त्या मान्यतेची परीक्षा यंदा लागली. यंदा म्हणजे ज्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा गैरहजेरी लावली, त्या वर्षी.

शहर तेव्हा लगतच्या सातारा परिसराच्या डोंगराकडं जोरात सरकत होतं. नव्या इमारतींच्या नावांत सागर, सरिता नाहीतर सरोवर हटकून असे, आणि पाणी हटकून टँकरचं. पार्किंगमध्ये निळे ड्रम रांगेनं उभे, म्हणून तिथं क्लास घ्यायची सोय नव्हती. शाखेसाठी सोमनाथला अख्ख्या परिसरात हॉल मिळाला तो एकच, सरोजिनीबाईंच्या बंगल्यातला. बाई पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची अटही एकच होती: "माझ्या घरात भाषा नीट हवी."

पहिल्याच दिवशी चाळीस पोरं कमरेत वाकून ओरडली, "ओस!"

बाई पोथी बाजूला ठेवून हॉलच्या दारात आल्या.

"सोमनाथ, हे काय म्हणवून घेतोस मुलांकडून?"

"जपानी शब्द हाये, बाई. नमस्कार, व्हय सर, समजलं सर, सगळ्याला एकच. कराटेत तसंच म्हणतेत."

"मराठीत ओस म्हणजे काय?"

गावं ओस पडतात ती कशी, हे सोमनाथला बाईंपेक्षा जास्त माहीत होतं.

"दुष्काळात चाळीस लेकरं माझ्या घरात उभी राहून रोज संध्याकाळी ओस, ओस करणार? जपान्यांना परवडतं. त्यांच्याकडे पाऊस पडतो."

"पण बाई, नियमच हाये तो."

"एकच अक्षर बदल. ओल म्हणा. अर्थही चांगला, जीभही वळते. जमत नसेल तर दुसरा हॉल बघ."

दुसरा हॉल होता कुठं? सोमवारपासून पोरं "ओल!" ओरडायला लागली. महिनाभरात दोन वॉटरप्रूफिंगवाले येऊन भिंती ठोकून गेले आणि जाताना कार्ड ठेवून गेले.

बातमी पुण्याला पोचली. मुख्य परीक्षक हिमांशू सरांचा फोन आला.

"सोमनाथ, तुमची मुलं ओल म्हणतात असं ऐकतोय."

"उच्चाराचा फरक हाये सर. आमच्या भागातला."

"तुमच्या भागात स चा ल होतो?"

"यंदा व्हायलाय, सर."

हिमांशू सर हसले नाहीत. विनोदाचा पट्टा त्यांच्याकडं नव्हता. "परीक्षेत शुद्ध ओस ऐकू आलं नाही तर मान्यता नाही. पुढची संधी चार वर्षांनी," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

म्हणजे ओस म्हटलं तर हॉल जातो, ओल म्हटलं तर मान्यता जाते. काळा पट्टा मिळवताना सोमनाथ एका वेळी चार जणांच्या तावडीतून सुटला होता. या दोन अक्षरांच्या मधून निसटायचा डाव मात्र कुणी शिकवला नव्हता. मग त्यानं साधा गावठी डाव टाकला. परीक्षेच्या रविवारी बाईंनी वैजापूरला बहिणीकडं जावं, असं तो आठवडाभर सुचवत राहिला. बाईंनी पिशवीही भरली. पण शनिवारी निरोप आला की टँकर रविवारी येणार, आणि पिशवी रिकामी झाली. टँकर सोडून माहेरच्या माणसांना भेटायला जाणारी बाई त्या परिसरात त्या वर्षी सापडली नसती.

रविवारी सकाळी फोन वाजला. सोमनाथचे वडील, नानासाहेब.

"सोम्या, आम्ही छावणीवर आलोत. जनावरं घिऊन."

"आन् आई?"

"हितंच हाय. घराला कुलूप घातलं. शेजारचे तर कवाच गेले. गाव पार ओस पडलं बघ." जरा थांबून ते म्हणाले, "तुजं आज हाय ना रं? नीट मोठ्यानं बोल. लहानपणापसून तोंडातल्या तोंडात बोलतुस."

"व्हय, नाना."

परीक्षा सुरू झाली. पहिल्या खुर्चीवर हिमांशू सर आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर सरोजिनीबाई. हॉल त्यांचा, खुर्च्या त्यांच्या, मग हलवणार कोण? आज ओस म्हणायचं, असं पोरांना बजावून ठेवलं होतं. पण समोर बाई दिसल्यावर अर्धी पोरं ओस म्हणाली, अर्धी ओल. एकत्रित उच्चार असा झाला की तो जपानीतही नव्हता आणि मराठीतही.

"आता तुम्ही," हिमांशू सर म्हणाले.

सोमनाथनं काता करून दाखवला. एकट्यानं हवेतल्या शत्रूंशी लढायचं ते प्रात्यक्षिक. एकही पाऊल चुकलं नाही. शेवटी तो दोघांसमोर कमरेत वाकला. आता फक्त शब्द राहिला होता.

ओल म्हणावं तर ती कुठंच नव्हती. ओस म्हणावं तर सकाळपासून त्या शब्दाला गावच्या घराचं कुलूप लागलेलं. सोमनाथ वाकलेलाच राहिला. अर्धं मिनिट गेलं. पोरांना वाटलं हेही कातातच असेल, तीही वाकून राहिली.

तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

आधी मागच्या रांगेतले पालक उठले, मग पुढचे, मग पोरं, आणि सगळ्यांच्या पुढं सरोजिनीबाई. हिमांशू सर पुण्याचे, त्यामुळं त्यांना त्या हॉर्नचा अर्थ कळला नाही. ते बसून राहिले.

सोमनाथ सरळ झाला. समोर चपलांचे चाळीस जोड, कलंडलेल्या खुर्च्या, आणि माणूस एक.

"ओस," तो म्हणाला. मोठ्यानं, नानांनी सांगितलं होतं तसं.

"वा! उच्चार अगदी आतून आला," हिमांशू सरांनी सही ठोकली. "मान्यता याच पत्त्यावर, पाच वर्षांसाठी. जागा बदलली तर रद्द. आणि शब्द हाच."

सोमनाथनं कागद दोन्ही हातांत घेतला. नाव छापलेलं होतं, सहायक हा शब्द गेला होता. मागं दारात बादल्या न्यायला परतलेल्या सरोजिनीबाई उभ्या होत्या, दोन्ही हात रिकाम्या बादल्यांनी अडकलेले.

"सोमनाथ, कोणता शब्द वापरलास आत्ता?"

"वापरला नाय, बाई. हॉल कसा दिसतोय ते सांगितलं."

बाईंनी हॉलभर नजर फिरवली. पस्तीस वर्षांच्या सवयीनं चूक शोधली. सापडली नाही.

"वाक्य अपुरं आहे, पण अर्थ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून?"

सोमनाथनं कागदाकडं पाहिलं, मग बाईंकडं. मग कागदाची घडी घालून पट्ट्यात खोचली, त्यांच्या हातातल्या बादल्या घेतल्या आणि रांगेत जाऊन उभा राहिला. पुढं सदतीस माणसं होती. उद्याचं उत्तर द्यायला तेवढा वेळ मिळाला.