वेळेची रिकामी जागा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, फ्रेंच गयानातल्या कुरूला या. समुद्र इथे चहासारखा तपकिरी आहे, कारण ॲमेझॉनचा गाळ वाहत वाहत आमच्या किनाऱ्याला येतो. सकाळचे पावणेअकरा वाजलेत. अचानक खिडक्यांच्या काचा थरथरतात, कुत्री पलंगाखाली घुसतात, आणि गावातलं एकही माणूस दचकत नाही. रॉकेट सुटलं, एवढंच.

अशाच एका सकाळी दहा वर्षांची नादेज आपल्या आजोबांच्या उशाशी बसली होती. ती माझ्या वर्गात होती. पुढचं बरंचसं मला तिनेच सांगितलं.

तिची आई फिलोमेन अंतराळाच्या बातम्या लिहायची. तिला कुठल्या वर्तमानपत्राची नोकरी नव्हती. जो लेख मागेल त्याच्यासाठी लिहायचं आणि पुढच्या रॉकेटच्या मागे निघायचं. कधी कझाकस्तानच्या बर्फाळ माळावर, कधी फ्लोरिडाच्या दलदलीत. हवा बिघडून रॉकेट आठ दिवस लांबलं, की ही आठ दिवस तिकडेच. नादेजचे तीन वाढदिवस फोनवर झाले होते.

फिलोमेनची कामाची एक रीत होती. रॉकेट सुटायच्या आदल्या दिवशी ती दोन लेख लिहून ठेवायची. हिरव्या फायलीत 'पोचला', लाल फायलीत 'हरवला'. दोन्ही लेखांत वेळेची जागा तेवढी रिकामी असायची. हिरव्यात लिहिलेलं असे, 'उपग्रहाची पहिली हाक अमुक वाजता ऐकू आली.' ती वेळ कळून भरेपर्यंत लेख कुणालाही पाठवायचा नाही.

हा नियम आनातोल आजोबांचा. त्यांनी तीस वर्षं इथल्या, उपग्रहांचे संदेश ऐकणाऱ्या मोठ्या अँटेनावर काम केलं होतं. उपग्रह रॉकेटपासून सुटा झाला की सगळं नियंत्रण दालन टाळ्या वाजवतं. आजोबा मात्र कानाला यंत्र लावून तसेच बसून राहत. "ह्या टाळ्या रॉकेटच्या," ते म्हणायचे. "पोर अजून बोललंय कुठे?"

या वेळचा उपग्रह होता कोकोई. आमच्या खाडीतल्या बगळ्याचं नाव. गाळ किनारा कसा गिळतो ते वरून बघण्यासाठी इथल्याच मुलामुलींनी तो बनवला होता, आणि अँटेनाचं काम त्यांना शिकवलं होतं आजोबांनी. आता त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले होते. आजोबांचं एकच म्हणणं होतं, "त्याची हाक आलेली ऐकली, की मी मोकळा."

आदल्या दुपारी नादेजने दोन्ही लेख मोठ्यांदा वाचले.

"हिरव्यात साखर फार पडलीय," आजोबा म्हणाले. "मुंग्या लागतील. लाल वाच." लाल ऐकून त्यांनी मान डोलावली. "हा बरा. यात माणसं दिसतात."

"बाबा, तुमच्या तोंडून कौतुक यायला अपघातच व्हावा लागतो वाटतं!" फिलोमेन म्हणाली. मग हळूच म्हणाली, "उद्या मी घरीच थांबते."

"घरी थांबून काय, माझे श्वास मोजशील? जा. कोकोई तुझ्यावाचून जाईल गं, पण मला बातमी कोण देईल?"

म्हणून सकाळी ती अंतराळ केंद्रावर गेली. अकरा चाळीसला कोकोई सुटा झाला आणि दालनात टाळ्या उठल्या. तेवढ्यात पॅरिसहून संपादकाचा फोन. "बाई, बाकीच्यांनी छापलंसुद्धा! तुम्ही कुणाची वाट बघताय?" फिलोमेनला बापाचा चेहरा दिसत होता. त्यांच्याजवळ किती वेळ आहे, कुणास ठाऊक. तिने वेळेची जागा तशीच सोडली, "वेळ मागून कळवते" म्हणाली, आणि हिरवा लेख पाठवला. एक प्रत नादेजलाही गेली.

नादेज फोनवरून वाचू लागली. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. शेवटच्या वाक्याशी ती अडखळली.

"थांबलीस का, बये? हाक आली ना?"

"आली, आजोबा."

"केव्हा?"

फोनवर रिकामी जागा होती. नादेजने आजोबांच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. "पावणेबाराला."

आजोबांनी डोळे उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग नातीकडे. पुष्कळ वेळ. "बरं," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "जरा पाणी दे."

कोकोईची हाक आली नाही. दीड वाजता तो हरवल्याचं सांगण्यात आलं. फिलोमेनने लाल लेख पाठवला आणि त्यात लिहिलं, की आधीची बातमी चुकीची होती आणि चूक माझी होती. ती घरी पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि आजोबा गेले होते.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत लाल माती ओली होती. शेजारी परतू लागले तरी मायलेकी कडेला उभ्याच होत्या.

"ते आनंदात गेले," नादेज म्हणाली. "मी त्यांना सांगितलं, पावणेबाराला हाक आली."

फिलोमेनने तिच्याकडे पाहिलं. "पावणेबाराला?"

"रिकामी जागा होती. मी भरली."

"अगं बाळा," फिलोमेन म्हणाली, "कोकोई सव्वाबाराच्या आधी कुठल्याच अँटेनावरून जाणार नव्हता. ते वेळापत्रक आजोबांना पाठ होतं."

"म्हणजे त्यांना कळलं? मी खोटं बोलले ते?"

 फिलोमेन खाली बसली आणि रडू लागली. "आधी मी खोटं पाठवलं, नादेज. तू नंतर."

 नादेजने आईच्या पिशवीतून लाल फाईल काढली, खड्ड्याच्या अगदी जवळ गेली, आणि वर्गात वाचतात तशी ताठ उभी राहून मोठ्याने पहिल्या ओळीपासून वाचू लागली. शेवटच्या वाक्यात वेळेची जागा अजून रिकामीच होती. तिथे ती थांबली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "दुपारी दीड वाजेपर्यंत सगळ्यांनी वाट पाहिली. हाक आली नाही, आजोबा."